नमाज माफ आहे, दवाखाना माफ नाही

(अंधेरीत झालेल्या गट प्रतिनिधींच्या बैठकीत केलेलं हे भाषण. गावाकडच्या ज्या मैत्रिणींना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आजचा विषय कर्जाचा नाही आणि हप्त्याचाही नाही. विषय पाळीचा आहे. त्यातही मुस्लिम बायकांची पाळी आणि तिच्याबद्दलचे धर्माचे नियम, यावर मी बोलणार आहे. बघा, काही जणी लगेच पदर सावरून बसल्या, काही शेजारणीकडे बघून हसल्या. हसा, पण ऐका. ज्या मुस्लिम नाहीत त्यांनीही हा विषय आपला नाही असं समजू नका. गटात आपल्या शेजारी बसणारी बाई काय सोसते ते आपल्याला ठाऊक असायला हवं. आणि पाळीच्या बाबतीत घरोघरचा घोळ जवळपास सारखाच आहे.

हा विषय काढायचं कारण सांगते. रमजान जवळ आला की जोगेश्वरी असो, मालवणी असो, कुर्ला असो की घाटकोपरचं असल्फा, सभा संपल्यावर दोघी-तिघी मागे थांबतात. हळू आवाजात दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न, "ताई, महिना पुढे ढकलायची गोळी कुठली घेऊ? सगळे रोजे पूर्ण करायचे आहेत." दुसरा प्रश्न, "ताई, अंगावरून जायचं थांबतच नाही, नमाज पढू की नको?" म्हसळा, श्रीवर्धन, चिपळूण इकडच्या गटांतूनही हेच दोन प्रश्न येतात.

दुसरा प्रश्न नीट ऐका. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या एका बाईंनी तो मला विचारला, तेव्हा त्यांना तिसरा आठवडा चालू होता. पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना धाप लागत होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. नमाजेचं काय करायचं हे त्यांनी तीन जणींना विचारलं होतं. डॉक्टरला एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी गटातल्या दोघी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या, तेव्हा रक्त चढवावं लागलं. गर्भपिशवीत गाठ निघाली. आज त्या बऱ्या आहेत, पण थोडं आधी गेल्या असत्या तर इतकं सोसावं लागलं नसतं.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. धर्माने दिलेली सूट वेगळी, घराने लावलेली बंदी वेगळी आणि शरीराचा आजार वेगळा. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की मार बाईच्या शरीराला बसतो.

सूट कशाची आहे?

मी आलिमा नाही. पण ज्या गोष्टींवर सगळे उलेमा एकमताने बोलतात, त्या प्रत्येक बाईला माहीत असाव्यात अशा आहेत. पाळीला तिथे हैज म्हणतात. हैजमध्ये चार गोष्टी करायच्या नसतात.

पहिली, नमाज. त्या दिवसांतली नमाज माफ आहे. पूर्ण माफ. नंतर भरून काढायची नाही.

दुसरी, रोजा. त्या दिवसांत रोजा ठेवायचा नाही. पण जेवढे सुटले तेवढे रमजान झाल्यावर सवडीने ठेवायचे. यालाच आपण कजा म्हणतो.

तिसरी, हजला किंवा उमऱ्याला गेल्यावर काबाभोवतीचा तवाफ. तो पाक झाल्यावर करायचा.

चौथी, नवरा-बायकोचा शरीरसंबंध. कुरआनात सूरह बकराच्या २२२ व्या आयतीत पाळीबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिथे पाळी ही त्रासाची गोष्ट म्हटली आहे आणि त्या दिवसांत पुरुषांनी संबंध ठेवू नयेत असं सांगितलं आहे. हे लक्षात घ्या, ही आज्ञा नवऱ्याला आहे. पाळीत नवरा जवळ येतो आणि नाही म्हणता येत नाही, असं काही जणी सांगतात. अशा वेळी बाईच्या बाजूने धर्म उभा आहे. ठामपणे नाही म्हणा.

याशिवाय मशिदीत बसणं आणि कुरआन हातात घेणं, यालाही बहुतेक उलेमा त्या दिवसांत नको म्हणतात. तोंडपाठ आयती म्हणाव्यात की नाही यावर मात्र मतं वेगळी आहेत. मालिकी पंथात त्याला परवानगी आहे, हनफी आणि शाफई पंथात नाही. पण दुआ मागणं, जिक्र करणं, दरूद म्हणणं याला कुणाचीच हरकत नाही. म्हणजे शबे-कद्रच्या रात्री पाळी आली तर रडत बसायचं कारण नाही. दुआचा दरवाजा बंद झालेला नाही.

बंदी कुणी लावली?

आता यादी तपासा. यात स्वयंपाक आहे का? नाही. लोणच्याच्या बरणीला हात लावू नये असं आहे का? नाही. वेगळं ताट, वेगळी चादर, कोपऱ्यातली सतरंजी? नाही. नव्या बाळंतिणीला भेटायचं नाही, मय्यतीच्या घरी जायचं नाही, केस धुवायचे नाहीत, गटाच्या सभेला जायचं नाही? यातलं काहीच त्या यादीत नाही.

उलट हदीसमध्ये काय सांगितलं आहे ते बघा. त्या काळी मदिनेत काही घरांमध्ये अशी चाल होती की पाळी आलेल्या बाईबरोबर कुणी जेवत नसे, तिला घरात सोबत ठेवत नसत. पैगंबरांना याबद्दल विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की शरीरसंबंध सोडून बाकी सगळं नेहमीसारखं करा. हजरत आयेशा सांगतात की पाळी चालू असताना त्या पैगंबरांचे केस विंचरून देत. पैगंबर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून कुरआन पढत. ज्या भांड्यातून त्या पाणी पीत, त्याच भांड्याला त्याच जागी ओठ लावून पैगंबर पाणी पीत. एकदा त्यांनी मशिदीतून चटई आणून द्यायला सांगितली. आयेशा म्हणाल्या, मला पाळी आहे. तर उत्तर आलं की पाळी काही तुझ्या हातात नाही.

आणखी एक. ईदच्या दिवशी पाळी आलेल्या बायकांनीही ईदगाहकडे यावं, नमाजेच्या जागेपासून जरा बाजूला थांबावं आणि दुआत सामील व्हावं, असं सांगितलं होतं. आणि आपण काय करतो? ईदच्या दिवशी ती बाई शीरखुर्म्याचं पातेलं ढवळते आणि मनातल्या मनात आपल्याला अपवित्र समजत राहते.

ही विटाळाची समजूत आली कुठून? काही जुन्या चाली, काही शेजारपाजारचं बघून, काही सासूने तिच्या सासूकडून घेतलेलं. माझ्या हिंदू मैत्रिणींना 'बाहेरची झाली', 'कावळा शिवला', 'चार दिवस बाजूला' हे शब्द वेगळे सांगायला नकोत. गडचिरोलीत माडिया बाया पाळीत गावाबाहेरच्या कुर्मा घरात राहतात. नावं वेगळी, पण बाईला वेगळं काढण्याची तऱ्हा तीच. म्हणून कुणी कुणाला नावं ठेवू नयेत. प्रत्येकीने आपल्या घरात विचारावं, की हे नक्की कुठे लिहिलंय आणि कधीपासून सुरू झालंय?

'कधीपासून' हा प्रश्न किती कामाचा आहे याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. वरळीच्या समुद्रातला हाजी अलीचा दर्गा सगळ्यांना माहीत आहे. तिथे बायका पूर्वी मजारपर्यंत जात होत्या. २०११-१२ च्या सुमारास त्यांना आत जायला मनाई झाली. कारणं काय दिली? बायका वाकतात तेव्हा कपडे नीट नसतात, बायकांची सुरक्षितता, आणि शरियतचा हा नियम आम्हाला आधी माहीत नव्हता. तो खटला पाळीचा नव्हता. पण बाईचं शरीर म्हणजे अडचण, हा विचार तोच. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झाकिया सोमण यांनी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. २६ ऑगस्ट २०१६ ला निकाल लागला. ही मनाई धर्माचा अत्यावश्यक भाग आहे हे ट्रस्टला दाखवता आलं नाही आणि मनाई घटनेच्या विरोधात आहे असं न्यायालयाने म्हटलं. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला, पण तिथे त्याने बायकांना प्रवेश देण्याचं मान्य केलं. २९ नोव्हेंबर २०१६ ला बायका पुन्हा मजारपर्यंत गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावरही बायका चढल्या होत्या.

यातून काय घ्यायचं? धर्माच्या नावाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट जुनीच असते असं नाही. विचारल्याशिवाय कळत नाही.

दिवसांचा हिशोब

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाळीचं रक्त वेगळं आणि आजाराचं रक्त वेगळं, हा फरक धर्मातही केलेला आहे. पाळी म्हणजे हैज. त्या दिवसांच्या बाहेर जे जातं त्याला इस्तिहाजा म्हणतात. फातिमा बिन्त अबी हुबैश नावाच्या बाईंनी पैगंबरांना विचारलं होतं की माझं रक्त थांबतच नाही, नमाज सोडून देऊ का? त्यांना सांगण्यात आलं की हे पाळीचं रक्त नाही, शिरेचं आहे. तुझे नेहमीचे दिवस असतील तेवढे नमाज सोड, मग आंघोळ कर आणि नमाज पढ.

म्हणजे इस्तिहाजात बाईला नमाज आहे, रोजा आहे, सगळं आहे. नमाजेसाठी स्वच्छ होऊन, पॅड बदलून, हनफी आणि शाफई रीतीने प्रत्येक वेळेला नवीन वजू करायचा, एवढंच.

मग पाळी किती दिवसांची धरायची? इथे आपल्या मुंबईत गंमत होते. आपले कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आहेत. उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा इकडून आलेले बहुतेक हनफी. एकाच चाळीत दोघी शेजारी राहतात. हनफी हिशोबात पाळी कमीत कमी तीन दिवस आणि जास्तीत जास्त दहा दिवस. शाफई हिशोबात कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त पंधरा दिवस. मग एक शेजारीण म्हणते, अकराव्या दिवशी नमाज सुरू कर. दुसरी म्हणते, अजून थांब. दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधली बिचारी गोंधळून जाते. तिने आपल्या पंथाच्या आलिमाला विचारावं. आता मुंबईत आणि गावोगावी मुलींचे मदरसे आहेत, शिकलेल्या आलिमा आहेत. बाईने बाईला विचारायला संकोच कशाला?

पण एक गोष्ट मी तिप्पट मोठ्या आवाजात सांगते. हे दहा दिवस, पंधरा दिवस नमाजेच्या हिशोबासाठी आहेत, तब्येतीच्या हिशोबासाठी नाहीत. पंधरा दिवस नमाज माफ याचा अर्थ पंधरा दिवस रक्त जाणं ठीक आहे, असा होत नाही. डॉक्टरांचा हिशोब वेगळा आहे. मोठ्या बाईची पाळी साधारण २१ ते ३५ दिवसांनी येते आणि दोन ते सात दिवस राहते. पुढीलपैकी काहीही झालं तर दवाखान्यात जायचं:

– सात-आठ दिवसांपेक्षा जास्त दिवस रक्त जातं.
– तास-दोन तासाला पॅड किंवा कपडा बदलावा लागतो, मोठ्या गाठी पडतात.
– दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं, किंवा संबंधानंतर जातं.
– पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला. एक डाग दिसला तरी जायचं. वय झालं, उष्णता झाली असेल, असं म्हणत घरी बसायचं नाही. ते कॅन्सरचं लक्षण असू शकतं.
– चालताना धाप, चक्कर, छातीत धडधड, डोळ्यांच्या आत फिकेपणा.

सरकारच्या २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे या सभागृहात दोघी बसल्या असतील तर त्यातली एक. अशा बाईला महिनोन् महिने जास्त जाणं परवडत नाही.

म्हणून माझी विनंती आहे, वही ठेवा. आपण गटाच्या बाया. बचतीची वही, कर्जाची वही, सभेची वही आपल्याला कुणी शिकवायला नको. त्यातच एक पान पाळीचं करा. सुरू झाली ती तारीख, थांबली ती तारीख, जास्त गेलं का, बस्स. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर टिंब करा. आलिमाकडे गेलात तर ती पहिला प्रश्न विचारेल, नेहमीचे दिवस किती? डॉक्टरकडे गेलात तर तोही पहिला प्रश्न हाच विचारेल. एका वहीत दोन्ही कामं होतात. आणि उत्तर 'असेल आठवडाभर' असं असलं की दोघांनाही नीट सांगता येत नाही.

रोजा, गोळी आणि लपवाछपवी

आता पहिल्या प्रश्नाकडे येते, गोळीच्या. रमजानमध्ये पाळी आली की आपल्या बाया काय करतात, तुम्हाला माहीतच आहे. सेहरीला सगळ्यांबरोबर उठतात. दिवसभर रोजा असल्याचं दाखवतात. दहा बाय बाराच्या खोलीत सासरा, दीर, वाढलेला मुलगा असताना पाणी कुठे प्यायचं? मग संडासच्या रांगेत उभं राहण्याआधी पदराआड दोन घोट घेतात. पाळीचं रक्त जातंय, पोटात कळ आहे आणि बाई उपाशी-तहानेली. रोजा तर झालाच नाही, सवाबही नाही, आणि तब्येत मात्र गेली.

मैत्रिणींनो, त्या दिवशी खाणं हा गुन्हा नाही. खायची परवानगी आहे. कुणापुढे ताट घेऊन बसा असं मी म्हणत नाही, पण चोरासारखं खायचंही कारण नाही. घरातल्या मुलांना एकदाच सांगून ठेवा की अम्मीचे, बहिणीचे काही दिवस रोजे नसतात, कारण विचारायचं नाही आणि चिडवायचं नाही. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की एवढं त्याला कळतं. हाच मुलगा उद्या कुणाचा तरी नवरा होणार आहे.

गोळीचं म्हणाल तर ती हार्मोनची गोळी असते. मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची ती नाही. पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल, लिव्हरचा त्रास असेल, स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ती धोक्याची आहे. बाळाला पाजणाऱ्या बाईनेही डॉक्टरला सांगितल्याशिवाय घेऊ नये. शिवाय कित्येकींना गोळी चालू असतानाच मध्ये डाग दिसतात, मग हे हैज की इस्तिहाजा, हा नवा गोंधळ. बरेच उलेमा तब्येतीला धोका नसेल तर गोळीला मनाई करत नाहीत. पण जे रोजे नंतर ठेवायची सोय खुद्द धर्माने करून दिली आहे, त्यासाठी गोळी का खायची? हजची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे परतीच्या विमानाची तारीख ठरलेली असते आणि तवाफ राहिला तर अडचण होते. म्हणून ज्या जाणार आहेत त्यांनी दोन-तीन महिने आधी डॉक्टरशी आणि आलिमाशी बोलून घ्यावं, वही सोबत न्यावी. हजच्या वाटेवर खुद्द हजरत आयेशांना पाळी आली होती. त्या रडत होत्या. पैगंबरांनी त्यांना समजावलं की ही गोष्ट अल्लाहने आदमच्या सगळ्या मुलींसाठी ठेवली आहे, तवाफ सोडून बाकी सगळं कर. त्यांना कुणी दोष दिला नाही.

तांबी, इंजेक्शन आणि चाळीस दिवस

ज्या बाया तांबी बसवतात किंवा तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन घेतात, त्यांना सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग जातात किंवा पाळी पुढेमागे होते. मग घरातून ऐकायला मिळतं, नमाज राहिली, काढून टाक ती तांबी. आत्ता जे सांगितलं ते आठवा. तुमच्या दिवसांच्या बाहेरचा डाग असेल तर तो इस्तिहाजा असू शकतो आणि त्यात नमाज आहे. हिशोब कसा धरायचा ते आलिमाला विचारा, डाग कशामुळे ते नर्सताईला विचारा. पण एवढ्या एका कारणाने, कुणाला न विचारता तांबी काढून पुन्हा दिवस राहायची पाळी येऊ देऊ नका.

बाळंतपणानंतरच्या रक्ताला निफास म्हणतात. हनफी हिशोबात ते जास्तीत जास्त चाळीस दिवस, शाफई हिशोबात साठ. 'जास्तीत जास्त' हा शब्द लक्षात ठेवा. एखादीचं वीस दिवसांत थांबलं तर ती आंघोळ करून नमाज सुरू करू शकते. चाळीस दिवस भरलेच पाहिजेत असं नाही. पण बाळंतिणीला आराम द्यायची जी पद्धत आहे ती मोडू नका. आराम तिला हवाच. वेगळं बसवणं नको, आराम हवा. आणि बाळंतपणानंतर एकदम जास्त रक्त जायला लागलं, ताप आला, वास यायला लागला तर दिवस मोजत बसू नका, त्याच तासाला दवाखान्यात न्या.

आंघोळ, पाणी आणि पॅड

पाळी संपल्यावर गुस्ल, म्हणजे सगळ्या अंगाला पाणी लागेल अशी आंघोळ करायची असते. घरातली गादी, सगळे कपडे, पडदे धुवायची गरज नाही, जिथे डाग लागला तेवढं धुतलं की झालं. डोंगरावरच्या वस्तीत जिथे पाणी तासभर येतं आणि हंडा विकत घ्यावा लागतो, तिथे ही गोष्ट छोटी नाही. आणि डॉक्टरांनी टाक्यांमुळे आंघोळीला मनाई केली असेल तर तयम्मुमची सोय आहे. शुद्ध मातीने करायची ती पद्धत आजारी माणसासाठीही आहे.

कपडा वापरत असाल तर साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा. कपाटामागे, दुसऱ्या कपड्याखाली ओलसर वाळवलेला कपडा खाज आणि जंतू आणतो. चाळीत ऊन मिळत नसेल तर पॅड परवडतात का ते बघा. पॅडवरचा जीएसटी २०१८ मध्ये काढून टाकला आहे. जनऔषधी केंद्रात सुविधा नावाचं पॅड १ रुपयाला एक मिळतं. २०१८ च्या महिला दिनी राज्याने अस्मिता योजना आणली, तेव्हा जिल्हा परिषद शाळेच्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत द्यायचं ठरलं होतं आणि ते विकायचं काम आपल्यासारख्या बचत गटांकडे होतं. म्हणजे हा विषय गटाचा नाही असं कुणी म्हणू नये.

गटाने काय करायचं?

शेवटी चार कामं सांगते. घरी गेल्यावर पहिल्या सभेत ठरावात लिहा.

एक, प्रत्येकीच्या वहीत पाळीचं पान.

दोन, वर्षातून दोनदा सगळ्यांची हिमोग्लोबिन तपासणी. आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात गटाने मिळून जायचं. तिशीच्या पुढच्या बायांनी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणीही विचारायची.

तीन, ज्या गटात मुस्लिम बाया आहेत त्यांनी रमजानच्या आधी एक सभा आलिमाबरोबर आणि एक नर्सताईबरोबर ठेवायची. दोघी एकाच दिवशी आल्या तर फारच उत्तम. सगळ्या धर्माच्या बायांनी त्या सभेला बसायचं.

चार, पाळी आहे म्हणून सभेला आले नाही, हे कारण गटात चालणार नाही. पोट दुखतंय म्हणून आले नाही, हे चालेल. दोन्हींतला फरक तुम्हाला आता कळला आहे.

मदिनेतल्या एका बाईने पैगंबरांना विचारलं होतं की पाळीनंतरची आंघोळ कशी करायची. हजरत आयेशांनी त्या अन्सारी बायांचं कौतुक केलं, की धर्म समजून घ्यायला त्यांना लाज आडवी आली नाही. चौदाशे वर्षांपूर्वी एक बाई एवढं विचारू शकली. आपण तर दर महिन्याला सभेत बसतो, बँकेच्या मॅनेजरला प्रश्न विचारतो, तहसीलमध्ये जाऊन भांडतो. आपल्या शरीराचा प्रश्न विचारायला आपल्याला कसली लाज?

आता माझं बोलणं थांबवते. चहा येईपर्यंत ज्यांना विचारायचं आहे त्यांनी इथेच, मोठ्याने विचारा. मागे थांबून नको.